फोर-केमधली मेंढरं

टीव्हीचं चित्र लय साफ करायच्या नादी लागू नका, सांगून ठेवतो. मी लागलो होतो.

माझ्या वडलांनी, आबांनी, जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेले म्हणून मागच्या साली आमी सगळी विकली, कायम कळपाच्या मागं राहणारी बांडी मेंढीबी. तवापासून आबा दिवसभर भिंतीकडं बघत बसायचे.

मग मी परभणीहून एक वापरलेला गेम कन्सोल आणून टीव्हीला जोडला. गेममधी हिरवागार माळ, हलणारं गवत आन् लांबवर चरणारी मेंढरं. चित्र जरा धूसर होतं. आबा सरकत टीव्हीपुढं आले आन् तासभर हलले न्हाईत. मधीच हळूच म्हणाले, "तिकडं पाऊस येऊन गेलेला दिसतो."

मला वाटलं, ह्यांना अजून झकास दाखवावं. नवी केबल घातली, टीव्हीचा गेम मोड लावला, कन्सोलची सेटिंग फोर-केवर नेली. गवताची काडी न् काडी दिसायली.

"आता बघा आबा, कसं साफ दिसायलंय!"

आबांनी एकेका मेंढीचं तोंड निरखून बघितलं आन् त्यांचा चेहरा उतरला.

"ही तर एकच मेंढी हाय रे. सगळ्यांचं तोंड एकच. मघाशी कळप होता."

मी गुमान सेटिंग होती तशी केली. माळ पुन्हा धूसर झाला. आबा भिंतीला टेकले, डोळे बारीक केले आन् हसले.

"ती मागं राहिली बघ. आपली बांडीच ती. खोड गेली न्हाई तिची."