उतार घोड्यासाठी आहे

...नाही, पण मला एक सांगा, दवाखान्याला अकरा पायऱ्या ठेवायची बुद्धी कुणाला झाली असेल हो? दवाखान्याला! अहो, ज्याला अकरा पायऱ्या धडपणे चढता येतात तो माणूस दवाखान्यात कशाला तडफडेल? बरं, ज्यानं बांधला तो गेला, सुटला बिचारा, आणि बोलणी कोण खातो? मी! का? तर मी नगरपालिकेत आहे, आणि त्यातही विश्वस्त निधी विभागात आहे, म्हणजे लोकांना वाटतं, ह्याच्या टेबलाच्या खणात नोटांची थप्पी आहे आणि हा तिथं कान कोरत बसलाय.

तुम्हाला सांगतो, थप्पी आहे. खणात नाही, बँकेत, पण आहे. खोटं कशाला बोलू? पैसे आहेत हो! पण त्या कामाचे नाहीत.

म्हणजे कसं, की जुन्या काळापासून ह्या शहरात कुणी ना कुणी जाताना शहराच्या नावानं पैसे ठेवून गेलंय. मोठ्या मनाची माणसं, देव त्यांचं भलं करो, पण नुसते पैसे ठेवून गप्प जातील तर शपथ! प्रत्येकानं दानपत्र लिहिलंय. ह्या पैशातून अमुकच करा, दुसरं कराल तर याद राखा. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं खर्चायचं, आणि तेही त्याच कामावर. असे त्रेचाळीस निधी माझ्या गळ्यात आहेत. एक निधी मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी देण्यासाठी. मनोरा पडून चाळीस वर्षं झाली. चावी माझ्याकडे आहे, व्याज बँकेत फुगतंय. एक निधी रस्त्यावरचे कंदील पेटवणाऱ्यांना हातमोजे देण्यासाठी. कुठले कंदील आणि कुठले हात! एका न्यायाधीशाच्या बायकोनं, नवरा गेल्यावर, कोर्टाबाहेर सावलीची झाडं लावायला पैसे ठेवलेत, पण अट काय? झाडाला फळ येता कामा नये! कारण साहेबांच्या डोक्यात एकदा पडलं होतं. तीन पानं लिहिलंय हो बाईंनी त्या फळाबद्दल. नवऱ्याबद्दल दोन ओळी.

आणि दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधण्यासाठी? एकही नाही.

आता दवाखान्यातल्या सिस्टर. सहा वर्षं येतायत माझ्याकडे. तिसरा मजला, लिफ्ट बंद, धापा टाकत यायचं, समोरच्या खुर्चीवर बसायचं आणि म्हणायचं, "भाऊ, उताराचं काय झालं?" मी म्हणायचं, "सिस्टर, पैसे आहेत हो, पण त्या कामाचे नाहीत." मग आम्ही दोघं चहा प्यायचो. तो मात्र माझ्या पैशांनी, त्याला निधी नाही. त्या सांगायच्या, आज एका बाईला खुर्चीसकट उचललं, आज एका म्हाताऱ्याला. खुर्चीच्या पुढे सिस्टर आणि मागे वॉर्डबॉय, त्याला सगळे पहिलवान म्हणतात, कारण पंखा जोरात लावला तर तो भिंतीला धरून उभा राहतो. मी म्हणायचं, "अरेरे." मनापासून म्हणायचो हो! आणि सिस्टर गेल्या की फाईल बंद करायचो.

आणि मग माझी आई न्हाणीघरात पडली.

खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, छान झालं, डॉक्टर म्हणाले, "आता तीन महिने, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात व्यायामाला आणायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. चुकवलंत तर आजींचं चालणं विसरा." आता माझी आई म्हणजे काय, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी भाजीवाल्याशी भांडायला दोन गल्ल्या चालत जाणारी बाई! तिचं चालणं विसरा? पहिल्या दिवशी गेलो. खुर्चीत आई, पुढे पहिलवान, मागे मी. एक, दोन, तीन... सातव्या पायरीवर माझा पाय सरकला. खुर्ची अशी कलली... आईनं माझी कॉलर धरली, पहिलवानानं देवाचं नाव धरलं, आणि सिस्टरनी धावत येऊन खुर्ची धरली. लागलं कुणालाच नाही. पण आईचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, "बस झालं. मी आता यायची नाही. घरी पडून राहीन, पण पुन्हा ह्या पायऱ्या नकोत." सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मग वाकून आईचा पदर सारखा करायला लागल्या. अहो, त्यापेक्षा 'उताराचं काय झालं' असं विचारलं असतं तर बरं झालं असतं!

घरी आलो तर बायको. "अख्ख्या शहराचे पैसे सांभाळता ना तुम्ही? आणि आईंसाठी एवढासा उतार होत नाही?" आणि काय सांगू तुम्हाला, सव्वीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "पैसे आहेत गं, पण त्या कामाचे नाहीत." तर आतून आईचा आवाज, "मग कोणत्या कामाचे आहेत?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता! साहेबांनी नाही, सिस्टरनी नाही, मी स्वतःला नाही. म्हटलं, थांब, वाचूनच दाखवतो. रविवारी दुपारी तिच्या खाटेशी बसलो आणि त्रेचाळीस दानपत्रांच्या नकला वाचायला लागलो. घड्याळाला तिनं जांभई दिली. हातमोज्यांना डोळा लागला. न्यायाधीशाच्या बायकोला हसून हसून पुन्हा जागी झाली. एकतिसावा निधी घोड्यांचा होता. कुणा व्यापाऱ्यानं ठेवलेला. मी आपला एका दमात वाचत होतो, 'सार्वजनिक इमारतीच्या दारी जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधावा, हौदापर्यंत जनावर न घसरता जाईल असा रुंद उतार करावा, जनावर न घसरता वर गेल्याचा दाखला दरवर्षी घ्यावा, दाखल्यातील जनावरास दरमहा गवताचा एक भारा...'

"थांब," आई म्हणाली. "मागचं वाच. उताराचं."

वाचलं.

"अरे मग उतार आहे की!"

"आई, तो घोड्यासाठी आहे."

"घोडा वर जाईल तिथून मी जाणार नाही का? हौद बांध दाराशी, वर. म्हणजे उतार आपोआप दारापर्यंत येतोय."

अहो, मी ते वाक्य पुन्हा तीनदा वाचलं. चौथी शिकलेली बाई!

सोमवारी फाईल घेऊन साहेबांपुढे. आमचे साहेब म्हणजे एक वाक्य बोलायला दोन घोट पाणी लागतं त्यांना. "हौद..." घोट. "दवाखान्याच्या दारात..." घोट. "का?" म्हटलं, साहेब, दवाखाना सार्वजनिक इमारत आहे. "हं... आणि शहरात घोडे... किती?" म्हटलं, साहेब, दानपत्रात तसं विचारलेलं नाही. साहेबांनी उरलेलं पाणी एका दमात संपवलं आणि फाईल विश्वस्तांच्या बैठकीपुढे ठेवली.

आणि बैठकीत कोण? त्या व्यापाऱ्याचा पणतू! सत्तरीचे गृहस्थ, बत्तीस वर्षं प्रत्येक बैठकीला येतात, एकतिसाव्या निधीवर 'खर्च नाही' असं ऐकतात आणि घरी जातात. मी ठराव वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले हो! उठून उभे राहिले. "आमच्या पणजोबांचा हौद! शेवटी कुणाला तरी घोड्यांची आठवण झाली!" रुमाल काढला, नाक पुसलं, माझा हात हातात घेतला. ठराव मंजूर झाला, सगळे बाहेर पडले, पण मला राहवेना. जिन्यात गाठलं त्यांना आणि खरं सांगून टाकलं. म्हटलं, साहेब, घोडा नाहीये. माझी आई आहे.

ते कठडा धरून तिथंच पायरीवर बसले. मला वाटलं, संपलं, आता ठराव रद्द, वर माझी चौकशी. तर म्हणाले, "पणजोबांनी हे पैसे का ठेवले माहीत आहे? त्यांचा घोडा होता, म्हातारा झालेला. दगडी पायऱ्या उतरून पाण्यावर जायचा, एके दिवशी घसरला, पुन्हा उठला नाही. पणजोबा त्याच्यापाशी दिवसभर बसून होते म्हणे. पुन्हा कुणी घसरू नये एवढंच होतं त्यांच्या मनात." आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बांधा तुम्ही."

ठेकेदारानं बांधला. तोवर सिस्टरच घरी येऊन आईचा पाय हलवून जायच्या, आणि डॉक्टरांनी तीन महिने उताराच्या दिवसापासून नव्यानं मोजले. आता ठेकेदाराला मी काय सांगणार? त्याच्या हातात दानपत्राची नक्कल. त्यानं इमानानं घोड्याच्या मापाचा उतार केला! दोन घोडे शेजारी शेजारी गप्पा मारत जातील एवढा रुंद, टापा घसरू नयेत म्हणून आडव्या खाचा, आणि वर दाराशी हा भलामोठा हौद. पहिल्या दिवशी मी आईची चाकाची खुर्ची एका हातानं ढकलत वर नेली. एका हातानं! खाचांमधून खुर्ची खडखडत होती आणि आई म्हणत होती, "अरे, हळू, दात पडतील." पण हसत होती. वर सिस्टर उभ्या होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला चहा पाजला.

झालं? संपलं? अहो, सुखानं झोपू देतील तर ते सरकार कसलं!

दोन महिन्यांनी लेखापरीक्षक आले. बारीक आवाज, खुर्चीवर आधी रुमाल अंथरणार मग बसणार. "निधी क्रमांक एकतीस. हौद आहे. उतार आहे. घोडा कुठाय?" म्हटलं, येईल. "कधी येईल? दानपत्रात दाखला लिहिलाय. जनावराचं वर्णन, वय, न घसरता वर गेल्याची तारीख. दाखला नाही म्हणजे खर्च नामंजूर. खर्च नामंजूर म्हणजे उतार तोडा आणि पैसे निधीत परत भरा." बघा म्हणजे! आणि आईचे व्यायामाचे पाच आठवडे बाकी होते. नुकती कुठं कठडा धरून चार पावलं टाकायला लागली होती. मी घोडा शोधायला निघालो हो, ह्या वयात! शहराबाहेर एक घोडेस्वारी शिकवणारा आहे. म्हणाला, "आणतो, भाडं द्या." आणि घोड्याच्या भाड्याला... तुम्हीच म्हणा आता... पैसे आहेत हो, पण त्या कामाचे नाहीत!

लेखापरीक्षक म्हणाले, मी जागेवर जाऊन बघणार. गेलो. नेमका आईच्या व्यायामाचा दिवस. ती उतारावर, एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं सिस्टरचा खांदा, एक एक पाऊल. लेखापरीक्षक पायऱ्यांपाशी थांबले, पायऱ्यांकडे बघितलं, गुडघ्यावरून हात फिरवला आणि गुपचूप उतारानं वर आले. मागून मी, घाम पुसत. वर आल्यावर त्यांनी फॉर्म काढला. "घोडा नाही. मग मला नामंजूर लिहावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

आई हौदापाशी पोचली होती. सिस्टरचा खांदा सोडला, हौदाचा काठ धरला आणि म्हणाली, "लिही रे बाळा."

"काय लिहू आजी?"

"जनावर एक. वय अठ्ठ्याहत्तर. डावा पाय जरा ओढतंय. आज न घसरता वर आलं." आणि ओंजळभर पाणी घेऊन प्यायली की हो! "पाणीही प्यायलं, लिही."

मी ओरडलो, "आई, काय बोलतेस हे!"

"गप रे. चाळीस वर्षं तुझ्या बापाचा संसार ओढला, तेव्हा नाही कुणी दाखला दिला. आज मिळतोय तर घेऊ दे."

तुम्हाला सांगतो, लेखापरीक्षकांनी तो फॉर्म दोनदा वाचला. जनावर कोणतं, असा रकानाच नाही त्यात! नुसतं 'वर्णन'. त्यांनी आईकडे बघितलं, आपल्या गुडघ्याकडे बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. 'एक. शांत स्वभावाचे.' बायको म्हणते, तेवढं एक खोटं आहे.

आई चालायला लागली. खरंच! परवा भाजीवाल्याकडे जाऊन आली. भाजीवाला म्हणाला, आजी, चुकल्यासारखं वाटत होतं. सिस्टर सांगतात, त्या उतारानं आता रोज साठ-सत्तर माणसं वर येतात, आणि हौदात हात धुतात. हे सगळं चांगलंच झालं. माझं काही म्हणणं नाही.

फक्त त्या दानपत्रातलं पुढचं वाक्य मी विसरलो होतो. लेखा विभाग विसरला नव्हता. दाखल्यातील जनावरास दरमहा गवताचा एक भारा! पहिल्या तारखेला हातगाडी दारात. हिरवंगार गवत. गाडीवाला म्हणतो, "सही करा." म्हटलं, नको, परत ने. तर म्हणतो, "परत न्यायचं असेल तर जनावर वारल्याचा दाखला द्या." काय देऊ? सही केली. आता सात भारे झालेत, आमच्या गच्चीत पाऊल ठेवायला जागा नाही, शेजारी विचारतात, काय पाळलंय? आणि काल आई म्हणाली, "अरे, आता मला एक चांगली काठी पाहिजे बघ, रबरी बूड असलेली. तुझ्या त्या पैशांतून बसते का?"

मी गवतावरच बसलो होतो. म्हटलं, आई, पैसे आहेत गं...

तर तीच म्हणाली, "कळलं. चल, मग निदान गवत तरी उन्हात पसर."