पंपावर फ्रीज गॅसवर कोणी लावला, याबाबत पुरवणी जबाब

नाव: मूळ जबाबात नमूद आहे. वय: ७६ वर्षे. व्यवसाय: सेवानिवृत्त मुद्रितशोधक. राहणार: सध्या प्रवासात, शहराबाहेरील गाड्यांचा मुक्कामतळ, जागा क्रमांक अकरा.

मी समक्ष हजर राहून, कोणी बोलावले नसताना, पुरवणी जबाब देतो की, परवा माझ्या मुलाने पेट्रोल पंपावरील कर्मचारी महिलेविरुद्ध याच ठाण्यात तक्रार दिली आहे. बोलण्यावरून बाचाबाची झाली व त्या रागात तिने माझ्या पत्नीस, वय ७१, गाडीतून ओढून खाली पाडले, असे तीत म्हटले आहे. त्या दिवशी मला विचारले असता, "मुलगा म्हणतो ते बरोबर आहे," एवढेच मी सांगितले होते. ते बरोबर नव्हते. सदर महिलेस तेव्हापासून कामावर घेतलेले नाही, हे मला काल समजले.

मी, पत्नी व मुलगा असे तिघे मुलाच्या कॅम्परमधून प्रवासास निघालो आहोत. कॅम्पर म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. तीत एक लहान फ्रीज आहे. तो तीन प्रकारे चालतो: गाडीच्या बॅटरीवर, गॅसवर व मुक्कामतळावरील विजेवर. गॅसवर असताना त्याच्या मागे एक लहान ज्योत सतत जळत असते. फ्रीजमध्ये माझी इन्सुलिनची औषधे होती. पत्नीचे त्यात काहीही नव्हते.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही जेवणासाठी सुमारे अडीच तास थांबलो. फ्रीज बॅटरीवरच राहिला. निघताना इंजिन सुरू होईना. एका ट्रकचालकाने आपल्या बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू करून दिली व तो म्हणाला, "आजोबा, फ्रीज थंड ठेवायच्या नादात गाडीच थंड केलीत की!" मुलगा हसला. मला हसू आले नाही. फ्रीजचे काम पत्नीकडे दिलेले होते. त्या ट्रकचालकासमोर मी तिला जे बोललो ते येथे नमूद करण्याची आवश्यकता नाही. ती एवढेच म्हणाली, "मला कोणी सांगितलं नव्हतं हो."

म्हणून त्याच संध्याकाळी मी पांढऱ्या पुठ्ठ्याचे एक कार्ड काळ्या शाईने लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवले. त्यावरील मजकूर असा: "गाडी चालू असताना बॅटरी. गाडी थांबताच गॅस. मुक्कामी वीज. यात बदल करू नये." ते कार्ड मी आज सोबत आणले असून या जबाबास जोडावे.

तेव्हापासून गाडी कोठेही थांबली की पत्नी उठत असे. ओट्याखालील कप्प्यातील सिलिंडर उघडण्यासाठी तिला गुडघ्यांवर बसावे लागते. तिला गुडघ्यांचा त्रास आहे. नंतर फ्रीजचे बटण दाबून ठेवून ज्योत पेटवायची व ती टिकावी म्हणून तीस अंक मोजेपर्यंत बटण सोडायचे नाही. निघताना हे सर्व पुन्हा बंद करून फ्रीज बॅटरीवर घ्यायचा. चहासाठी, रस्ता विचारण्यासाठी, फाटक बंद असल्यामुळे, अशा मिळून दीड दिवसात आम्ही अकरा वेळा थांबलो. मुलगा म्हणाला, "आई, बस की जरा. तू गाडीत आहेस का कवायतीत?" ती म्हणाली, "हे तान्हं बाळ आहे रे तुझ्या बाबांचं. गाडी थांबली की रडतं."

परवा सकाळी दहा चाळीस वाजता मुलाने पेट्रोल भरण्यासाठी गाडी पंपावर घेतली, इंजिन बंद केले व तो मागील बाजूस स्वच्छतागृहात गेला. मी पुढच्या आसनावर वर्तमानपत्र वाचत होतो. पत्नी उठली. पेट्रोलची टाकी व फ्रीजच्या मागील जाळी गाडीच्या एकाच बाजूस असून त्यांत जेमतेम दीड हाताचे अंतर आहे. हे मी काल मोजले. परवा मला ते माहीत नव्हते.

सदर महिला पेट्रोलची नळी हातात घेऊन टाकीजवळ आली असता तिला जाळीतून टिकटिक ऐकू आली व आत निळी ज्योत दिसली. ती ओरडली, "आत कोण आहे? गॅस बंद करा आधी!" मी काच खाली करून म्हणालो, "आधी नीट बोला. येथे कोणी बहिरे नाही." ती म्हणाली, "अहो आजोबा, आधी ती ज्योत विझवा, मग मला बोलायला शिकवा!" त्यावर मी तिला, आपण कोणाशी बोलत आहोत याचे भान ठेवावे, असे सुनावले. या सगळ्यात वेळ जात होता. किती, हे मला सांगता येते, कारण मागून पत्नीचे मोजणे ऐकू येत होते. काच खाली केली तेव्हा ती चारवर होती. माझे बोलणे संपले तेव्हा एकोणिसावर.

महिलेने नळी जागेवर अडकवली, खांबावरील लाल बटण दाबून पंप बंद केला व धावत येऊन गाडीचे दार सरकवले. पत्नी म्हणाली, "थांबा, तीस व्हायचेत." महिलेने तिला दंडाला धरून बाहेर ओढले. पायरीवरून तोल जाऊन पत्नी डाव्या हातावर पडली व तिचे मनगट मोडले. महिला तिच्यापाशी न थांबता आत गेली, फ्रीज बंद केला, सिलिंडर बंद केला, आणि मगच खाली येऊन पत्नीजवळ बसली. मुलगा परत आला तेव्हा त्याने आई खाली पडलेली व महिला शेजारी बसलेली, एवढेच पाहिले. पत्नीस ओढताना महिलेच्या हातात कोणतीही वस्तू नव्हती. तिने पत्नीस शिवी दिली नाही वा मारले नाही. कोठेही पेट घेतला नाही.

आम्ही रुग्णालयात जाण्याच्या गडबडीत असताना महिलेने पत्नीस विचारले, "आजी, फ्रीजमध्ये काय आहे?" पत्नी म्हणाली, "त्यांची औषधं." ती औषधे महिलेने पंपाच्या कार्यालयातील फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. काल मी ती आणावयास गेलो तेव्हा डब्यावर कागद होता: "आजोबांचं औषध. हात लावू नये." तो डबा मला तिच्या सहकाऱ्याने दिला. ती तेथे नव्हती.

आज चौकशीसाठी आलेल्या सदर महिलेने ठाण्याच्या बाकावर मला सांगितले, "पंपावर यायच्या आधीच गॅस बंद, सिलिंडरही बंद. अशा गाडीवाल्यांना आम्ही रोज सांगतो. अर्धा तास काहीच चालू नसलं तरी आत गारच राहतं हो, फक्त दार उघडायचं नाही." तिने सांगण्यापूर्वीच, काल मुक्कामतळावर मी हे स्वतःहून तपासून पाहिले होते. फ्रीज बंद करून आत तापमापक ठेवला. अर्ध्या तासात तापमान पाच अंशांवरून सहावर गेले. औषधास आठपर्यंत चालते. असे मी चार वेळा केले. चारही वेळा सहाच.

मुलाचा या जबाबास विरोध आहे. तो ठाण्याच्या दारात मला म्हणाला, "बाबा, आईचा हात मोडलाय आणि तुम्ही त्या बाईचं वकीलपत्र घेताय?" पत्नी त्याला म्हणाली, "बोलू दे रे त्यांना." मुलगा गाडीत जाऊन बसला आहे.

वरीलप्रमाणे सांगून झाल्यावर ठाण्यातील लेखनिकांनी जबाब मला वाचावयास दिला. चष्मा जवळ असतानाही, तो मोठ्याने वाचून दाखवावा, अशी मी विनंती केली. बाहेरच्या बाकावर पत्नी व सदर महिला शेजारी शेजारी बसल्या असून मधले दार उघडे होते. वाचन "पत्नी उठली" येथे आले तेव्हा पत्नीने माझ्याकडे पाहिले व पुन्हा आपल्या प्लास्टरकडे पाहू लागली. मी वाचन थांबवण्यास सांगितले. त्या जागी मजकूर गळला आहे. तो पुढीलप्रमाणे घ्यावा.

गाडी थांबताच पत्नीने आतून मला विचारले होते, "अहो, इथेही लावायचा का? पंप आहे हा." मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, "कार्ड वाचता येतं ना?" ती म्हणाली, "येतं." त्यानंतर ती उठली.

या पुरवणीसह जबाब पहिल्या ओळीपासून पुन्हा मोठ्याने वाचण्यात आला. तो मी सांगितला तसाच उतरला असून आता त्यात काहीही गळलेले नाही. बाहेर बसलेल्या दोघींना तो ऐकू गेला आहे.