शेवटचं माप

ऐका ना बे, आर्वी स्टँडवर माह्या मागच्या बाकावर एक पोरगी लॅपटॉप उघडून बसली होती, संगं तिचा बाप, जिनिंगचा चौकीदार!

“बाबा, शेठ म्हणते तुमच्या बिडीनं कापसाची गंजी पेटली.”

“अवं दिपाली, ओला कापूस आतूनच तापला. तू गंजीत ठिवलेल्या सेन्सरनं ताप मोजला ना? दाखव त्याइले.”

“मोजलं. पण डेटाबेसचा प्रोग्राम म्या पयल्यांदाच लिवला. त्यात माप वेळेच्या नावानं जमा होते, दर मापाची वेळ येगळी पायजे होती. म्या सगळ्याइले एकच देल्ली.”

“मंग?”

“मंग नवं माप आलं का जुनं पुसूनच गेलं.”

“सगळीच?”

“एक उरलं, बाबा. शेवटचं. गंजी पेटल्यावरचं.”

“पेटली हे तं शेठलेही मालूम हाय, बेटा.”