टायरले लागलेला चुना

गफूर मिस्त्रीसारखा माणूस आपल्या वर्ध्यात पुन्हा नाई झाला, गड्या. कापसाच्या जिनवाल्या शेठच्या पोरानं दोन सीटची रेसची मोटर आणली अन् ऐट म्हणून स्प्रिंगा कापून खाली बसवली. मंग काय, खड्डा आला का टायर मडगार्डले घासे. मिस्त्रीनं हातानं जागा मोजली, लहान चाकं अन् बारके टायर बसवले, अन् म्हणे, "छोटे शेठ, आता घासलं तं मी मिस्त्रीगिरी सोडली."

खात्री म्हणून त्यानं मडगार्डच्या आतून ओला चुना फासला. घासलं तं टायरले चुना लागंन. दोघं पवनारले जाऊन आले. टायर कोरे करकरीत!

मी तिथंच तमाखू मळत उभा होतो. मले राहवलं नाई. गुपचूप चुन्याची बोटं टायरले पुसली अन् बोंबललो, "मिस्त्री, घासलं ना बाप्पा!"

छोटे शेठ लालेलाल झाले. "मी नागपूरलेच नेतो मोटर."

मिस्त्री खाली वाकला, टायरचा चुना बोटावर घेतला, वास घेतला अन् माह्याकडं पाहून म्हणे, "काऊन बे, मोटर कधीपासून तमाखू खाऊन राह्यली?"