पोट भरलेली घटपर्णी

देवाशपथ, यातलं अक्षरही खोटं नाही. म्हणजे एक थेंब आहे. तो शेवटी सांगतो.

कवठे महांकाळचा माझा फौजी दोस्त तुकाराम आसामाकडच्या डोंगरातून घटपर्णी घेऊन आला होता. पानाच्या टोकाला झाकणाचा गडू लटकतो आणि त्यात किडे पडतात, ते झाड. बहात्तरच्या दुष्काळात त्याची सगळी रोपं जळाली. रांजणाखालच्या ओलीवर एकच तगलं. त्याच चिवट झाडाची फांदी खोचून त्यानं रोप केलं आणि मला मलकापुरात दिलं. पुढं त्याचं मूळ झाड शेळीनं खाल्लं. उरलं ते माझ्याकडचं.

म्हणून तुकाराम ते बघायला धावत आला. पानं हातभर लांब, पण गडू एकही नाही!

"काय घातलंस रं ह्याला?"

"उसाला घालतो तेच. शेणखत, वर मूठभर युरिया."

तो मटकन बसला. "गड्या, पोट भरल्यावर झाड तोंड कशाला उघडंल? उपाशी ठेव की!"

मग कोयनेच्या धुतलेल्या वाळूत ते झाड हलवलं. पुढच्या पावसाळ्यात, धुक्याच्या एका सकाळी, इवला गडू फुगून उजेडात पारदर्शक दिसू लागला. आम्ही दोघं ओट्यावर श्वास रोखून बसलो. झाकण हळूच, झोपेतून पापणी उचलावी तसं उचललं गेलं. त्या डोंगरातले लोक गडूतलं हे पाणी पितात म्हणे, म्हणून आम्हीही एकेक थेंब जिभेवर घेतला. मधासारखा गोड!

तेवढा गोडवा मी रचलाय. थेंब बेचव होता. पण तुकाराम डोळे पुसत म्हणाला, "लय गोड हाय रं," तेव्हा मी तरी दुसरं काय म्हणणार?