सकाळपासून घट्ट असलेला पंखा

तपासणीचा कागद चहाच्या टपरीवर बसून कसा भरावा, ते माझ्या काकांकडून शिकावं. घाटंजीकडच्या वावरांत आम्ही दोघं ड्रोननं फवारणी करतो. दर उड्डाणाआधी पंखे तपासून कागदावर 'घट्ट' अशी खूण करायची असते. परवा काकांनी चहा पिता पिताच दिवसभराच्या सहाही उड्डाणांच्या खुणा करून टाकल्या.

"काका, ड्रोन तर अजून गाडीतच आहे."

"रोज तेच तं लिहा लागते, पोरी. आजवर काही झालं काय?"

वावरात पोचलो, तर धुऱ्यापलीकडे, शेजारच्या वावरात, बाया कापूस वेचत होत्या. मी म्हटलं, "त्यांच्याऐवजी तिथं तुम्ही उभे राहा. मी उडवते."

काका गाडीकडे वळले. मग म्हणाले, "पाना कुठी ठेवला वं?"

एक पंखा ढिला निघाला. काकांनी तो आवळला. कागदावर काही बदलावं लागलं नाही. तिथं तो सकाळपासून घट्टच होता.