काळी चार

शहाऐंशीच्या हिवाळ्यात श्रीहरी ब्रह्मपुरीच्या बस स्टँडवर पुस्तक उघडून वरोऱ्याच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी दिवंगत नट देवराव यांच्या पत्नी ठमाबाई आणि देवरावांच्या नाटकांत हार्मोनियम वाजवणारे पेटीवाले नूरभाऊ येऊन बसले. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतली नाटकं रात्र रात्र पाहिलेल्या श्रीहरींनी दोघांना ओळखलं. मग पुस्तकाचं पान काही उलटेना.

"डब्यात काय हाय, बाई?" नूरभाऊंनी विचारलं.

"चॉकलेटची बाजाची पेटी. मुंबईच्या एका चाहत्यानं ह्याइले पाठवली होती. सारा उन्हाळा माठाखालच्या ओल्या रेतीत जपली. आता ह्याइच्या नावाचं मंडळ म्हाताऱ्या कलावंताइच्या दवापाण्यासाठी लिलाव करून राह्यलं. तिथी देतो."

"दाखवा तं. वा, भाता बी हाय! पण एक काळी पट्टी काऊन नाई?"

"तुटली."

"तुटकी वस्तू कोण घेईन? गुळाचा खडा बसवून देतो. कोणाले समजन बी नाई."

"हात नोका लावू, भाऊ!"

"काऊन जी?"

"कोणती गेली, मोजा न."

"एक, दोन, तीन... काळी चार! देवरावभाऊ जिंदगीभर ह्याच सुरात गायले."

"जायच्या दिवशी गळ्यातून आवाज निंगे नाई. बोटानं तेवढीच दाखवली. म्या तोडून ह्याइच्या तोंडात ठेवली."

नूरभाऊंनी डब्याचं झाकण हळूच लावलं.

"घेईन का जी कोणी?" ठमाबाईंनी विचारलं.

वरोऱ्याची गाडी लागली. श्रीहरी उठले नाहीत. पुस्तक मिटून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच परक्यांच्या बोलण्यात तोंड घातलं.

"बाई, लिलाव कुठी हाय?"